नळीच्या झाकणातला आजार

प्रिय ताई,

तुझ्या विद्यापीठातल्या विभागातून मेल आलाय. तुझं मशीन जिथे होतं त्या तळघरातल्या खोलीला तुझं नाव देणार आहेत. येत्या गुरुवारी, दुपारी दोन वाजता. चहा आहे, सँडविचेस आहेत, दारावर पितळी पाटी आहे, आणि मला बोलायला पाच मिनिटं आहेत. मला! हॅरोतले लोक जिला पाठीमागे भोंगा म्हणतात, तिला पाच मिनिटं!

विभागाच्या आताच्या प्रमुख बाई भल्या वाटतात. तू नोकरी सोडल्यावर त्या आल्या, त्यामुळे तुझा चेहरा त्यांनी फोटोतच पाहिलाय. भाषणाचा मजकूर आधी पाठवला तर बरं होईल, असं त्यांनी लिहिलंय. 'त्या जुन्या प्रकरणाचा' उल्लेख टाळता आला तर आणखी बरं. आणि शेवटच्या ओळीत, पाटीवरचा पडदा कोण बाजूला करणार, ते आहे. प्रोफेसर. तुझे प्रोफेसर!

ती ओळ वाचून मी उठले आणि भांडी घासली. घासलेली पुन्हा घासली. मग भाषण लिहायला बसले. तीनदा लिहिलं, तीनदा फाडलं. जन्मभर मला शब्द कमी पडले नाहीत, ताई. आता पडताहेत, कारण त्या खोलीत खरं बोलायचं तर आधी तुझ्याशी बोलायला हवं. तू जाऊन तीन महिने झाले आणि मी तुझ्याशी एकदाही भांडले नाही. हे आपल्या दोघींना शोभत नाही.

आठवतं का, बाबांना इथल्या हॉस्पिटलात नोकरी लागली आणि आपण सोलापूरहून लंडनला आलो, तेव्हा तू दहा वर्षांची होतीस आणि मी सहा. शाळेतल्या स्पर्धेसाठी तू मला मागच्या दाराच्या पायरीवर उभं करायचीस, स्वतः बागेच्या टोकाला कुंपणापाशी जाऊन बसायचीस, आणि ऐकू आलं नाही की हात वर करायचीस. भर थंडीत, कोट घालून. माझा आवाज तू घडवलास. तुझा कुठे ठेवून दिलास?

बाबांना तू डॉक्टर व्हायला हवी होतीस. रसायनशास्त्रातली पीएच.डी. करून तू झालीसही डॉक्टर, पण ते त्यांच्या हिशेबात बसलं नाही. घरी जेवायला आलेल्या डॉक्टर मंडळींना ते सांगायचे की धाकटी बोलते आणि थोरली लॅबमध्ये असते. तू वाढत असायचीस. ऐकायचीस आणि पुढच्या ताटाकडे वळायचीस.

आईने मात्र एकदा नीट विचारलं होतं की तू तिथे दिवसभर करतेस तरी काय. तू तिला सांगितलंस की कुठल्याही पदार्थाचे रेणू घ्यायचे, त्यांना विजेचा भार द्यायचा, हवा काढून टाकलेल्या नळीतून पळवायचे आणि त्यांचं वजन करायचं. मोठा रेणू असेल तर फोडायचा, आणि तुकड्यांच्या वजनांवरून तो मुळात काय होता ते ओळखायचं. याला मास स्पेक्ट्रोमेट्री म्हणतात. आई पोळी लाटता लाटता म्हणाली, "म्हणजे फुटलेल्या खापऱ्यांवरून सांगायचं, माठ होता की रांजण." तू इतकी हसलीस! विभागात वर्षानुवर्षं शिकवणाऱ्यांनाही हे इतकं सोपं करून सांगता येत नाही, म्हणालीस.

किती वर्षं काढलीस त्या तळघरात! खिडकी नाही, पंपांची घरघर, हिवाळ्यात अंधारात आत जायचं आणि अंधारातच बाहेर यायचं. देशोदेशीची मुलं काचेच्या चिमुकल्या बाटल्या घेऊन तुझ्या दाराशी रांग लावायची. आपण प्रयोगशाळेत नक्की काय बनवलंय, ते तूच त्यांना सांगायचीस. ती मुलं डॉक्टर झाली, प्राध्यापक झाली. तुझ्या पदाच्या नावात शास्त्रज्ञ हा शब्दच नव्हता. तांत्रिक कर्मचारी! त्यांच्या शोधनिबंधांच्या अगदी तळाशी, पैसे देणाऱ्या संस्थांच्या यादीनंतर, एक ओळ असायची: मोजमापांबद्दल आभार.

मी चिडायचे. युनियनकडे जाऊ म्हणायचे. तू म्हणायचीस, नाव नमुन्याचं बरोबर आलं पाहिजे, शालू, माझं कशाला? या वाक्याचा मला तेव्हाही राग होता, आजही आहे. यात नम्रता नव्हती, ताई. ती तुझी पळवाट होती. ज्याचं नाव कुठेच नाही त्याला कुणी जाब विचारत नाही, आणि त्यालाही कुणाला जाब विचारावा लागत नाही.

पण एका बाबतीत तू कुणाचंच ऐकायची नाहीस. दोन नमुन्यांच्या मध्ये तू एक कोरी फेरी घ्यायचीस. बाटलीत नमुना नाही, नुसता द्राव. तिला तू ब्लँक म्हणायचीस. आधीच्या नमुन्याचं काही आत चिकटून राहिलंय का, भांड्यातून, नळीतून, हाताच्या क्रीममधून काही उतरलंय का, ते त्यात दिसतं. रांग लांबायची, मुलं कुरकुरायची. प्रोफेसर वरच्या मजल्यावरून निरोप पाठवायचे की बाईंनी रिकाम्या बाटल्या मोजणं कमी केलं तर देशाचं विज्ञान जरा पुढे सरकेल. सगळे हसायचे. तू ब्लँक लावायचीस.

त्यातूनच ते सगळं झालं.

प्रोफेसरांना रक्तात एक रेणू सापडला होता. किडनी बिघडायच्या कितीतरी आधी तो दिसतो, असं त्यांचं म्हणणं. आजारी माणसांच्या रक्तात होता, धडधाकट माणसांच्या रक्तात नव्हता. किती सुंदर शोध! आपल्या लोकांत किडनीचा आजार ओळखीच्या दर दुसऱ्या घरात. आणि त्याच वेळी इथलं किडनी केंद्र बंद करायचं घाटत होतं, आणि ते वाचवायच्या समितीची मुख्य वक्ता होते मी. प्रत्येक सभेत मी तो रेणू नाचवत होते. आपल्याच भागात असा शोध लागतोय आणि तुम्ही आपल्याच भागातलं केंद्र बंद करता? टाळ्या पडायच्या, ताई. काय टाळ्या पडायच्या!

मग एका रविवारी तू माझ्याकडे आलीस. पिशवीत तुझी नोंदवही होती. चहा नको म्हणालीस, तेव्हाच मला कळायला हवं होतं.

तू ती वही माझ्या टेबलावर उघडलीस आणि मला समजेल अशा भाषेत सांगितलंस. आजारी माणसांचं रक्त वॉर्डातून येत होतं, वॉर्डातल्या नळ्यांमध्ये. धडधाकट माणसांचं रक्त विद्यापीठात घेतलं जात होतं, विद्यापीठाच्या भांडारातल्या नळ्यांमध्ये. दोन्हींची झाकणं वेगळी. तू वॉर्डातली एक कोरी नळी घेतलीस, तिच्यात नुसता द्राव भरलास, झाकण लावून रात्रभर ठेवलीस आणि मशीनला लावलीस. तो रेणू आला. रक्ताचा थेंबही नसताना आला! झाकणाचं प्लास्टिक मऊ राहावं म्हणून जे घालतात, ते उतरत होतं. प्रोफेसरांना आजार सापडला नव्हता. त्यांना झाकण सापडलं होतं.

तुझं त्यांना सांगून झालं होतं. आधी तोंडी, मग लेखी. त्यांनी तुझ्याकडचे नमुने उचलून बाहेरच्या एका प्रयोगशाळेत पाठवले, जिथे दोन नमुन्यांमध्ये थांबत नाहीत.

तू मला एवढंच विचारलंस की आता काय करू. आणि मी काय म्हणाले, ते मी आजवर कुणाला सांगितलं नाही. मी म्हणाले, "आत्ता नको, ताई. शनिवारी सभा आहे, ते स्टेजवर आहेत. केंद्र वाचू दे, मग तू म्हणशील ते करू."

तू वही मिटलीस. "बरं," म्हणालीस. बरं! एवढंच? पन्नाशी उलटलेली बाई तू, शंभर वेळा खात्री करून एक आकडा लिहिणारी. लहान बहिणीने थांब म्हटल्यावर थांबलीस? माझ्या तोंडावर वही का नाही मारलीस? निबंध छापणाऱ्यांना पत्र लिहायला तुला माझी परवानगी लागत होती का? मला याचा राग येतो, ताई. तू माझं ऐकलंस, याचा.

पण माझा गुन्हा तिथे संपत नाही. खरा तर शनिवारी घडला.

वेम्बलीतला हॉल खच्चून भरला होता. प्रोफेसर आपल्या रक्तचाचणीच्या शिबिराबद्दल बोलले आणि लोक गप्प बसून राहिले. परका माणूस, इंग्लिश माणूस, आपलं रक्त मागतोय. कुजबूज सुरू झाली. मला सभा हातातून सुटताना कळते. मी माइक घेतला आणि म्हणाले की यांना तुम्ही ओळखत नसाल, पण यांचं मशीन कोण चालवतं ठाऊक आहे का? आपली सुधा! डॉक्टर देशमुखांची थोरली! ताई, उभी राहा!

आणि तू तिसऱ्या रांगेत उभी राहिलीस.

टाळ्यांचा कडकडाट झाला. बायकांनी वळून वळून पाहिलं. एकाही निबंधावर तुझं नाव नव्हतं, आणि ते पहिल्यांदा मोठ्याने घेतलं गेलं ते त्या खोट्यावर शिक्का म्हणून. घेणारी मी. तू क्षणभर माझ्याकडे पाहिलंस आणि खाली बसलीस. दाराशी नावनोंदणीची रांग लागली.

परत येताना ट्रेनमध्ये तू खिडकीकडे तोंड करून बसली होतीस. हॅरोला उतरताना म्हणालीस, "तू मला साक्षीदार केलंस, शालू. मला विचारायचं तरी." मी म्हणाले की तू उगाच मनाला लावून घेतेस.

केंद्र वाचलं. मला हार घातले. मग मी तुझ्यासाठी काय केलं? काहीही नाही. आधी विजयाच्या सभा होत्या, मग कौन्सिलच्या बैठका होत्या, मग तो विषयच जुना झाला. तू एकटी विभागाच्या त्या वेळच्या प्रमुखाकडे गेलीस. एक समिती बसली. प्रश्न तांत्रिक स्वरूपाचा आहे आणि त्याची नोंद घेतली आहे, असं उत्तर आलं. पुढच्याच महिन्यात प्रोफेसरांनी मशीनचं वेळापत्रक तुझ्या हातातून काढून घेतलं. वेळ वाचवण्यासाठी कोऱ्या फेऱ्या बंद. तू त्यानंतर वर्षभर गेलीस कामावर, आणि मग मुदतीआधी निवृत्त झालीस. निरोपाला त्यांनी तुला फुलं आणि पुस्तकांच्या दुकानाचं कूपन दिलं.

विनायककाकांचं पत्र तुला आठवत असणारच. मेट्रोपॉलिटन लाइनवर सिग्नलचं काम करून निवृत्त झालेले, बाबांचे जुने मित्र, सभेतल्या रांगेत पुढे होते. शिबिरात रक्त दिलं आणि त्यांना पत्र आलं की रेणू आढळला नाही, सध्या काळजीचं कारण दिसत नाही. शिबिरातल्या नळ्या विद्यापीठाच्या होत्या, आढळणार कुठून! ईलिंग रोडवर भाजीच्या दुकानात त्यांनी ते तुला खिशातून काढून दाखवलं. तू त्यांना सांगितलंस की तरीही जीपीकडे, आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जा, रक्ताची आणि लघवीची नेहमीची तपासणी करून घ्या. ते हसले. पत्र आहे ना, म्हणाले, आणि तुझं मशीन आहे.

त्याच संध्याकाळी तू मला फोन केलास. आज तरी काहीतरी कर, असं तुझ्या आवाजात होतं, तोंडात नव्हतं. मी म्हणाले, जातील गं ते. ते गेले नाहीत. गेले तेव्हा पाय सुजले होते.

पुढे परदेशातल्या कुणीतरी तीच नळी तपासली आणि तेच झाकण शोधून काढलं. प्रोफेसरांचा निबंध मागे घेतला गेला. नव्या तंत्रामुळे एक अनपेक्षित त्रुटी उजेडात आली, असं त्यांनी निवेदनात म्हटलं. अनपेक्षित! तुझ्या वहीत ती किती वर्षं बसून होती? ज्यांनी रक्त दिलं त्यांना कुणी कळवलं नाही. विद्यापीठाने नाही, प्रोफेसरांनी नाही. आणि मी? माझ्याकडे तर नावनोंदणीच्या यादीत त्यांच्या घरांचे पत्ते होते.

तू ते निवेदन वाचून मला काय म्हणालीस? पंप नवीन बसवलेत म्हणे, चांगले आहेत. पंप! त्या दिवशी तू ओरडली असतीस तर मी तुझ्या पाया पडले असते. तू मला ती संधी दिली नाहीस. शेवटच्या आजारपणातही नाही. हॉस्पिटलात तुझा हात धरून बसले होते तेव्हा मी दोनदा सुरुवात केली, आणि दोन्ही वेळा तू विचारलंस की बाहेर पाऊस आहे का. ही माफी होती की शिक्षा? मला आजही ठरवता येत नाही. तुकड्यांवरून अख्खी वस्तू ओळखायची विद्या तुझी, माझी नव्हे.

आणि आता गुरुवार. ज्या माणसाने तुझ्या हातून मशीन काढून घेतलं, तो तुझ्या नावावरचा पडदा बाजूला करणार, आणि मी त्याच्या शेजारी उभी राहून ताईच्या चिकाटीबद्दल गोड बोलणार. पहिल्यांदा लिहिलेल्या भाषणात मी तेच केलं होतं. दुसऱ्यात त्याला सोलून काढलं. वाचताना मला स्वतःलाच टाळ्या ऐकू आल्या, म्हणून फाडलं. त्या भाषणात मी कुठेच नव्हते. दुसऱ्याचा गुन्हा मोठ्या आवाजात सांगणं, एवढंच तर मला आयुष्यभर येत आलंय. तिसऱ्यात मी स्वतःला घातलं आणि पुढे लिहिता आलं नाही. कारण गुरुवारी त्या खोलीत जे कळेल, ते एका माणसाला त्याआधी कळायला हवं होतं.

म्हणून काल मी किडनी केंद्रात गेले. विनायककाकांना सोमवार, बुधवार, शुक्रवार डायलिसिसच्या मशीनला लावतात. मी वाचवलेलं केंद्र आणि मी पाठवलेला पेशंट. मला पाहून ते खूश झाले. "काय शालिनी, आज इथे भाषण का?" म्हणाले. "जागा उत्तम शोधलीस. सगळ्यांना बांधून ठेवलंय, कुणी उठून जाणार नाही."

शेजारच्या खुर्चीतला माणूसही हसला. मी खुर्ची ओढून बसले आणि सांगितलं. नळीचं सांगितलं, झाकणाचं सांगितलं, तुझ्या वहीचं सांगितलं. भाषणासारखं नाही, ताई, अडखळत. ते त्यांच्या हातातून निघून मशीनमध्ये जाणाऱ्या रक्ताकडे पाहत होते.

"सुधाला ठाऊक होतं?"

"हो."

"सभेच्या आधी?"

"हो. आणि मलाही. ती सांगायला आली होती. मी तिला गप्प केलं."

नर्स येऊन आकडे पाहून गेली. मग ते म्हणाले, "ती उभी राहिली म्हणून मी नाव नोंदवलं होतं. नाहीतर तुमच्या त्या गोऱ्याला मी नखसुद्धा दिलं नसतं."

"ती उभी राहिली नव्हती, काका. मी तिला उभं केलं."

"ते आता सांगतेस."

मी माफी मागितली. त्यांनी ती घेतली नाही, नाकारलीही नाही. त्यांनी डोळे मिटले. झोपले असं वाटून मी उठले, तेव्हा डोळे न उघडता म्हणाले, "गुरुवारी मला मशीन नसतं. घ्यायला ये."

मी विचारलं की तिथे त्यांना काही बोलायचं आहे का.

"मी कशाला? बोलायचं काम तुझं. मी पहिल्या रांगेत बसून बघणार आहे, तू आधी कुणाचं नाव घेतेस."

ताई, आज सकाळी मी चौथ्यांदा लिहिलं आणि प्रमुख बाईंना पाठवून दिलं, जसंच्या तसं. त्यांना माझा कार्यक्रम रद्द करायचा असेल तर करू देत. मग दाराबाहेर फुटपाथवर बोलेन, काकांसाठी घडीची खुर्ची घेऊन. रडणार नाही, टाळी मागणार नाही. हे तुला वचन. आधी माझं नाव घेईन आणि मी काय केलं ते सांगेन. मग प्रोफेसरांचं घेईन, त्यांच्याकडे पाहून. त्यानंतर शिबिरात रक्त दिलेल्या लोकांच्या घरी जाईन, एकेका दाराशी, आणि ज्यांनी अजून नेहमीची तपासणी केली नसेल त्यांना जीपीकडे घेऊन जाईन. यादी माझ्याकडे आहे. त्यातले काही गेले असतील. त्यांच्या मुलांना सांगेन.

तुझं नाव मी गुरुवारी घेणार नाही. एकदा न विचारता घेतलं, तेवढं पुरे झालं.

तुझी,
शालू